वाढायचा डाव

प्रिय दोस्त,

तुझ्या युद्धाच्या गेमचा प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, तीनदा खेळलो. एकदा तुझं पत्र न वाचता, एकदा वाचून, आणि तिसऱ्यांदा आवाज बंद करून. ही तिसरी खेप मी प्रत्येकाच्याच गेमला देतो. संगीत फार लबाड असतं, खेळात नसलेलंही आहे असं भासवतं.

कळ दाबली की दहा सेकंदं मागे जाणारा सैनिक. गोळी परत नळीत, पडलेला माणूस परत उभा. काम सफाईदार झालंय, आणि उडालेली माती पुन्हा जमिनीत शिरते ते पाहायला तर मी मुद्दाम चार वेळा मेलो. तू विचारतेस, ‘युद्धाच्या गेममध्ये असं कुणी केलं नाहीये ना?’ केलंय, त्याकडे शेवटी येतो. पण तो प्रश्न सोड. मला विचारायचंय ते वेगळंच. झालेली चूक परत घेता येते, असं तुला युद्धाबद्दल म्हणायचं आहे का? कारण तुझा गेम सध्या तेच म्हणतोय. शेवटच्या काळ्या पडद्यावर तू लिहिलेलं वाक्य त्याच्या नेमकं उलट आहे, आणि खेळणारा वाक्यावर विश्वास ठेवत नाही, बोटांवर ठेवतो.

खेळणारा गेममध्ये जे करतो त्याला गेमवाले ‘मेकॅनिक’ म्हणतात. पण मेकॅनिक म्हटलं की मला अजूनही गॅरेजमधला माणूसच आठवतो, म्हणून मी आपलं ‘हाताचं काम’ म्हणतो. गेम कुणाचाही असो, मी आधी एवढंच बघतो की खेळणाऱ्याच्या हाताला काम काय दिलंय.

‘पेपर्स, प्लीज’ तू खेळली असशीलच. लुकास पोपने तो एकट्याने, साधारण नऊ महिन्यांत केला आणि २०१३ मध्ये बाहेर काढला. १९८२ साल, आर्स्टोत्झ्का नावाचा काल्पनिक देश, शेजारच्या कोलेचियाशी सहा वर्षं चाललेलं युद्ध नुकतंच थांबलंय. तू सीमेवरच्या चौकीतला तपासनीस. पुन्हा उघडशील तेव्हा गोष्ट बाजूला ठेव आणि त्या टेबलाकडे बघ. ते लहान आहे. पासपोर्ट, परवाना, ओळखपत्र, नियमांचं पुस्तक, सगळं त्यावर मावत नाही, एकाखाली एक दडतं. ते लहान ठेवलंय मुद्दाम. तू कागद सरकवतेस, तारीख जुळवतेस, शिक्क्यांचा दांडा बाहेर ओढतेस, पासपोर्ट नीट शिक्क्याखाली आणतेस. माणसामागे पाच क्रेडिट, म्हणजे तिथले पैसे, मिळतात, दिवस संपत चाललाय आणि घरी घरभाडं, अन्न आणि शेगडी आहे. मग एक माणूस येतो, त्याचे कागद ठीक. जाताना सांगतो की माझ्यामागे बायको आहे, तिला जरा सांभाळून घ्या. बायको येते आणि तिच्याकडे परवानाच नाही. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद असते, तिसरीपासून पैसे कापले जातात. म्हणजे दयेलाही कोटा. तू मनात म्हणतेस, आज एक चूक शिल्लक आहे, हिला सोडू. दया करताना आपण शिल्लक मोजली, हे लक्षात येतं तेव्हा तुझा हात पुढच्या पासपोर्टवर पोचलेला असतो. युद्ध माणसाचं काय करतं हे त्या गेममध्ये कुणी बोलून दाखवत नाही. दाखवायची गरजही नाही.

हे मला आधीपासून कळत होतं असं समजू नकोस. मीही वेढ्यातल्या एका शहराचा गेम करत होतो. एक तळघर, पाच माणसं, मोजकं अन्न. रोज संध्याकाळी पडद्यावर यादी यायची, पाच नावं आणि पाच चौकटी. ज्याला जेवायला द्यायचं त्याच्यापुढे खूण करायची. पाचातले एक आजोबा. त्यांच्याकडून काम होत नव्हतं, ते पडून असायचे आणि अधूनमधून जुन्या आठवणी सांगायचे. त्या आठवणी लिहिण्यात मी दोन महिने घातले होते. पहिल्या चाचणीला सहा जण बसले. तिसऱ्या दिवसापर्यंत सहातल्या पाच जणांनी आजोबांपुढे खूण करणं बंद केलं. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. नंतर एकीने अगदी निरागसपणे विचारलं, ‘पण आजोबांचा उपयोग काय आहे?’

मला राग आला. घरी जाताना कळलं की चूक तिची नव्हती. मी तिच्यापुढे हिशेब मांडला होता आणि तिने तो चोख सोडवला होता. मग मीही हिशेबीच उत्तर काढलं. आजोबांना रेडिओ दुरुस्त करता येतो, असं केलं. आता सगळे आजोबांना जगवू लागले आणि रेडिओ वाजायला लागला की दुसऱ्या दिवसापासून उपाशी ठेवू लागले. हे तर आधीपेक्षा वाईट झालं.

शेवटी ती यादी काढून टाकली. तिच्या जागी एक पातेलं, पाच वाडगे आणि एक डाव ठेवला. (डाव म्हणजे खेळायचाही आणि वाढायचाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.) माउसने डाव पातेल्यात बुडवायचा, उचलायचा, वाडग्यापर्यंत न्यायचा. घाई केली की सांडायचं. पाचही वाडगे पाच जणांपुढे आधीच मांडलेले असत. एखाद्याला द्यायचं नसेल तर त्याच्यापुढचा वाडगा आपल्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागे. आकडे तेच होते, अन्न तेवढंच. पुढच्या चाचणीत निम्म्यांनी तरीही आजोबांना उपाशी ठेवलं. पण वाडग्यापाशी आल्यावर माउस थांबायचा. एका मुलाने वाडगा उचलला, परत ठेवला, परत उचलला. मी मागे उभा राहून त्याच्या मानेकडे बघत होतो. तो गेम पुढे पैशांअभावी बारगळला, ती वेगळीच रडकथा. पण ते दहा-बारा सेकंद मला पुरले.

हाच गुंता ‘धिस वॉर ऑफ माइन’ने दुसऱ्या बाजूने सोडवलाय. वॉर्सातल्या इलेव्हन बिट स्टुडिओजचा हा गेम २०१४ चा. पोगोरेन हे शहर काल्पनिक, पण त्याच्यामागे १९९२ ते १९९६ असा चाललेला सारायेव्होचा वेढा आहे. दिवसा नेमबाजांच्या भीतीने घरातच राहायचं, रात्री एकाने बाहेर पडून मिळेल ते आणायचं. पिशवीतल्या जागा मोजक्या, त्यामुळे औषध घ्यायचं की लाकूड, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. ते विरोध करत नाहीत. आजोबा मागेमागे येत विनवत राहतात आणि तू त्यांचा फ्रीज रिकामा करतेस. घरी परतल्यावर कुणी ओरडत नाही. फक्त चोरी करून आलेला माणूस हळूहळू खचत जातो आणि एके दिवशी तू काम सांगतेस, तो करत नाही. तुझा हुकूम चालत नाही. आयुष्यभर गेममध्ये कळ दाबली की माणूस पळतो, ही सवय लागलेल्या हाताला तो नकार फार झोंबतो. शिवाय गेम आपला आपण सेव्ह होतो, म्हणजे मनासारखं झालं नाही म्हणून मागे जायची सोय नाही. तुझ्या त्या दहा सेकंदांच्या संदर्भात हे लक्षात ठेव. पोलंड सरकारने २०२० मध्ये हा गेम शाळांच्या शिफारस-यादीत घालायचं जाहीर केलं. आपला गेम अभ्यासक्रमात लागावा म्हणून मात्र गेम करू नकोस, तो वास लगेच येतो.

दुसरं म्हणजे तू सैनिकच का निवडलास? बंदूक हातात दिली की अर्धं काम झालं असं वाटतं, खरं तर निम्म्या वाटा बंद होतात. २०१७ च्या ‘बरी मी, माय लव्ह’मध्ये सीरिया सोडून युरोपकडे निघालेली नूर आहे, आणि तू तिच्यासोबत नाहीस. तू मागे राहिलेला तिचा नवरा मज्द. तुझ्या हातात फक्त फोन. ती लिहिते, तू उत्तर निवडतोस, मग ती बोटीत चढते आणि फोन गप्प होतो. प्रत्यक्ष वेळेत खेळायचं ठरवलंस तर तास-तास काही येत नाही. म्हणजे खेळातलं हाताचं मुख्य काम वाट पाहणं! हे कागदावर कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. २०१२ च्या ‘अनमॅन्ड’मध्ये तू ड्रोन उडवणारा माणूस आहेस. पडदा दोन भागांत चिरलेला, सकाळी दाढी करायची, हात चुकला की गाल कापतो, मग गाडीने कामावर जायचं. दाढी करणारा आणि नंतर हजारो मैलांवरून निशाण्यावर डोळा ठेवणारा हात एकच आहे, आणि दाढीला जास्त लक्ष द्यावं लागतं.

‘फॉक्सहोल’मधे तर हजारो लोक एकच युद्ध आठवडेच्या आठवडे लढतात आणि प्रत्येक गोळी कुणा खेळणाऱ्यानेच बनवून ट्रकने आघाडीवर नेलेली असते. सैन्य पोटावर चालतं म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं आहे. २०२२ च्या सुरुवातीला रसद वाहणाऱ्या खेळाडूंनी काम सोपं करा म्हणत खराखुरा संप केला होता. एवढा पसारा तुला-मला झेपणारा नाही, पण ट्रकचालकाची जागा बघून ठेव.

आता एका सापळ्याबद्दल, कारण तुझ्या तिसऱ्या टप्प्यात तू त्यात पाय ठेवलायस. पुढे जायला एकच दार, दारात नि:शस्त्र माणूस, आणि त्याला मारल्याशिवाय दार उघडत नाही. मारलं की पडद्यावर, ‘हेच हवं होतं ना तुला?’ अगं, दार तूच एक ठेवलंस आणि त्यातून गेला म्हणून त्यालाच झापतेस? मोठ्या पैशांच्या ‘स्पेक ऑप्स: द लाइन’मध्ये २०१२ साली पांढऱ्या फॉस्फरसचा, म्हणजे माणसं जाळणाऱ्या दारूगोळ्याचा, असाच प्रसंग होता, त्यावर लोक अजून भांडतात. माझं मत तुला कळलंच असेल. याउलट गोंझालो फ्रास्काचा २००३ चा ‘सप्टेंबर ट्वेल्थ’ बघ. छोटासा, ब्राउझरमध्ये चालणारा. वरून दिसणारं एक गजबजलेलं गाव, त्यात सामान्य माणसं आणि मधूनमधून दहशतवादी, तुझ्या हातात क्षेपणास्त्र. नेम धरून दाबलंस तरी ते थोड्या वेळाने पोचतं, तोवर माणसं हललेली असतात. जे मरतात त्यांच्यापाशी लोक रडत बसतात आणि रडता रडता त्यांच्यातलेच काही दहशतवादी होतात. जिंकणं नाही, हरणं नाही. पण न दाबण्याची मोकळीक पहिल्या क्षणापासून आहे. म्हणून तो टोचतो. शिवाय त्यातली सगळी करामत त्या छोट्याशा उशिरात आहे. तो काढून टाक, उरतो नेमबाजीचा गेम.

खऱ्या युद्धावर करणार असशील तर आधी ज्याने ते सोसलंय त्याच्याजवळ बस. ‘पाथ आउट’मध्ये सीरियातून निघालेला अब्दुल्ला करम स्वतःच पडद्याच्या कोपऱ्यात व्हिडिओत येतो, आणि तू त्याच्या पात्राला चुकून मारलंस की तुझी फिरकी घेतो. पोटात गोळा आणणाऱ्या प्रवासात त्याला हसायचा हक्क आहे, तो तुझ्या-माझ्याकडे नाही. आणि असा गेम विकायला गेलीस की दारावर अडवतील, याचीही तयारी ठेव. रशीद अबुएदा या पॅलेस्टिनी माणसाच्या गाझावरच्या ‘लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर’ला २०१६ मध्ये अ‍ॅपलने आधी गेम मानायलाच नकार दिला, बोंबाबोंब झाल्यावर निर्णय फिरवला.

बरं, तुझी वेळ मागे नेणारी कळ. सबसेट गेम्सचा ‘इन टू द ब्रीच’ २०१८ चा. बुद्धिबळासारखी चौसष्ट घरं, तीन यंत्रं, आणि शत्रू पुढच्या खेळीत काय करणार ते आधीच दाखवलेलं. लढाई संपेपर्यंत एकदाच, फक्त एकदाच, चालू खेळी परत घेता येते. आणि सगळं हरलीस तर एक वैमानिक काळात मागे पाठवता येतो, दुसऱ्या एका जगात, नव्याने सुरुवात करायला. मागे उरलेलं जग मात्र तसंच बुडतं. बघितलंस? वेळ मागे नेण्याची किंमत त्यांनी कुठे लावली ते.

तुझ्याकडे किंमतच नाहीये. दहा सेकंदं मागे गेलं की सगळं जागच्या जागी येतं, गोळ्यासुद्धा. तर एवढं करून बघ. सगळं मागे जाऊ दे, एक गोष्ट जाऊ देऊ नकोस. कुठली, ते तू ठरव. मी दोन रात्री त्यावर घालवल्या, आणि मला सारखा तो पडून परत उभा राहणारा माणूस दिसतोय, डाव्या भिंतीजवळचा. सैनिकाला आठवतंय हे आपल्याला माहीत आहे. त्यालाही आठवत असेल तर? दुसऱ्यांदा तू दारातून आत येतेस तेव्हा तो आधीच तुझ्याकडे बघत असेल तर?

बाकीचे टप्पे बाजूला ठेव. पंधरा दिवसांत फक्त ती एक खोली करून पाठव. संगीत घालू नकोस, मी तसंही बंदच करणार आहे.