नवीन एलईडी लावला आणि कोरल पांढरं पडलं

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, घरात 20 गॅलनचा छोटा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. मागच्या आठवड्यात जुना लाईट काढून नवीन एलईडी लावला, फुल्ल ठेवला, आता हॅमर कोरल आखडून फिकट पडलंय आणि झोआ (बटणासारखी छोटी मऊ कोरलं) उघडतच नाहीत. लाईट कमी पडतोय का?

उत्तर: अहो उलट, जास्त पडतोय! कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं शेवाळ राहतं, तेच प्रकाशावर अन्न बनवून कोरलला देतं, पण एकदम झोत वाढला की त्याला सोसत नाही आणि कोरल ते बाहेर टाकतं, म्हणून पांढरं दिसतं. आजच लाईट 30-40 टक्क्यांवर आणा, निळा जास्त ठेवा, पांढरा अगदी थोडा, आणि रोज आठ तासच. मग दर आठवड्याला 5 टक्के वाढवा, घाई नको प्लीज. हॅमर खाली वाळूवर ठेवा, त्याला साधारण 100 पार (PAR, म्हणजे शेवाळाला अन्न बनवायला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो, झोआंनाही तेवढाच चालतो. पार मीटर महाग असतो, पण बरीच दुकानं भाड्याने देतात, एकदा आणून टँकमध्ये वरखाली मोजाच, कारण लाईटवरचे टक्के प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. आणि रोज जागा बदलू नका हो, बिचाऱ्याला सावरायला वेळ द्या, मांस हाडापासून सुटलेलं नसेल तर रंग परत येतो, दोन-तीन महिने लागतील.

भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे कठीण सांगाड्याच्या कोरलना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विकत घेऊ नका.