हायवेची चौफुली सायकलने ओलांडायला मुलीला कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की मुलगी नववीत आहे, शाळा चार किलोमीटरवर, मध्ये चौपदरी हायवे लागतो आणि चौफुलीवर उजवीकडे वळावं लागतं. सायकलवर पाठवू का?

पाठवा. पण ते उजवं वळण तिने सायकलवर बसून घ्यायचं नाही, एवढं एक पक्कं करा.

अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका चौफुलीवर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वीस वर्षं पंक्चर काढता काढता शाळेचे पोट्टे रस्ता कसा ओलांडतात तेच बघतोय. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात, एका लेनने मोजलं तर, ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून विश्वविक्रम झाला. आम्हालाही अभिमान वाटला. पण आधी खड्डेच गाड्यांना ब्रेक लावायचे. आता ते काम आपल्यालाच बघावं लागतं.

पोरं काय करतात, तर चौफुलीच्या अलीकडेच हात दाखवून हळूहळू उजवीकडे सरकतात. म्हणजे मागून ऐंशीने येणाऱ्या गाडीपुढे आडवी जातात, तेही मागे न बघता. त्याऐवजी डाव्या कडेनेच सरळ पुढे जायचं, आडवा रस्ता पार करायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचं आणि सायकल उजवीकडे वळवून उभं राहायचं. आता समोर फक्त रस्ता ओलांडायचा उरतो. आधी उजवीकडून येणाऱ्या गाड्या बघून दुभाजकापर्यंत, तिथे थांबून डावीकडच्या बघून पुढे. सायकल हातात धरून, चालत. मैत्रिणी हसतील, हसू द्या. राँग साइडने येणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून दोन्ही वेळा उलट बाजूलाही नजर टाकायची.

गाडी किती लांब असली म्हणजे निघायचं, हे अंदाजावर सोडू नका. अर्धा रस्ता सात मीटर धरला तर सायकल घेऊन चालत सहा सेकंद लागतात. ऐंशीने येणारी गाडी तेवढ्यात सव्वाशे मीटरच्या पुढे येते. एखाद्या रविवारी तिच्यासोबत जा, ओलांडायच्या जागेपासून कडेने दोनशे पावलं मोजा आणि तिथलं एखादं लिंबाचं झाड नाहीतर पाटी हेरून ठेवा. खुणेच्या अलीकडे गाडी असली की थांबायचं. दुसऱ्या बाजूलाही अशीच खूण करा.

परत येताना डावं वळण, म्हणून आपण बेफिकीर असतो. मी तसाच फसलो. कापसाचे दिवस होते, ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला उभा होतो. तो डावीकडे वळला, इंजिन माझ्या पुढून गेलं, मी निवांत. मागची ट्रॉली मात्र कोपरा कापत थेट माझ्यावर आली. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, हे मला त्या दिवशी समजलं. उडी मारली म्हणून वाचलो, पुढच्या चाकाचा पापड झाला. आणि कापूस दोन्ही बाजूंनी एवढा फुगलेला की ड्रायव्हरला मी दिसणं शक्यच नव्हतं. ट्रक असो की ट्रॅक्टर, त्याच्या डावीकडे घुसायचं नाही, मागे थांबायचं. त्याचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही.

पावसाळ्यात शेतातून आलेले ट्रॅक्टर वळणावर काळी माती सांडतात. डांबरावर ती साबणासारखी होते. तिथे पुढचा ब्रेक दाबला की सायकल आडवी.

शनिवारी सकाळची शाळा असते. तुमचा रस्ता आमच्यासारखा पूर्व-पश्चिम असेल तर हिवाळ्यात त्या वेळी पूर्वेकडे जाणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर थेट ऊन येतं. त्याला दप्तर, सायकल काहीच दिसत नाही. त्या दिवशी जास्त थांबावं लागलं तरी चालेल. दहा मिनिटं आधी निघायला सांगा.

सायकल घेताना ‘पुढेही चालेल’ म्हणून मोठी घेतली असेल तर सीट खाली करून घ्या. बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलींचे टेकत नाहीत, आणि मग थांबायला नको म्हणून त्या चौफुलीवर थांबतच नाहीत. पान्याचं दोन मिनिटांचं काम आहे, कुठलाही दुकानदार त्याचे पैसे घेणार नाही.