अण्णा उंबऱ्यावरून हलेनात

सदाशिव पेठ, पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्रीच वाचला. निवडणुकीवरून काकांशी वाजलं, तू पुरावे दाखवलेस, ते मानेनात, आणि तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास. ‘बँकेत तीस वर्षं आकडे तपासलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही?’ असं विचारतोस. दिसतं रे. दिसतं म्हणूनच आवाज चढतो.

12 जुलै 1961. मी नऊ वर्षांची. आम्ही नारायण पेठेत, नदीपासून चार पावलांवर राहायचो. सकाळीच पानशेत फुटल्याची कुणकुण लागली, बोळातली माणसं ट्रंका उचलून निघाली. आमचे अण्णा गणिताचे मास्तर. म्हणाले, ‘अफवा आहे. धरण काय ढेकूळ आहे विरघळायला?’ ते मातीचंच होतं आणि अण्णांना ते ठाऊक होतं. आई आम्हा तिघांना घेऊन पर्वतीकडे निघाली, तरी हे उंबऱ्यावर पेपर धरून बसलेले. पाणी पायरीला लागल्यावर उठले. पुढे कित्येक वर्षांनी एकदाच बोलले. घरासाठी त्याच वर्षी कर्ज काढलं होतं. धरण फुटलं म्हणायचं, तर घरही गेलं म्हणावं लागणार होतं.

राजकारणातही हेच होतं. 1979 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फाशीची बाजू घेणाऱ्या आणि फाशीला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूचा, एक विरोधातला. वाचून झाल्यावर दोन्हीकडच्यांनी सांगितलं, आमचं मत आणखी पक्कं झालं. सोयीचा अभ्यास सगळ्यांना चोख वाटला, गैरसोयीच्यात चुका सापडल्या. त्यामुळे तुझ्या लिंका काकांना पुराव्यासारख्या नाही, दारात आलेल्या पाण्यासारख्या वाटतात.

आपल्या गावाला तर हे नवं नाहीच. टिळक आणि आगरकर 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. नऊ वर्षांनी संमतिवयाचं बिल आलं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढंच. त्याआधी बंगालात फुलमणी नावाची कोवळी पोर नवऱ्याच्या अत्याचारानं दगावली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. तरी पुण्यात दोन तट पडले, आगरकर बिलाच्या बाजूनं, टिळक विरोधात. परक्या सरकारला घरात हात घालू द्यायचा का, ही टिळकांची धास्ती मला पोकळ वाटत नाही. पण सगळ्यांचीच धास्ती तेवढी मोठी नव्हती. पुष्कळांना बहुधा एवढंच वाटत असेल, की बिल बरोबर म्हटलं तर आपल्याच माजघरात काय चाललंय ते बघावं लागेल. आणि याच गावातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. जो माणूस खोटं बोलतोय अशी खात्री असते, त्याची तिरडी बांधायला कोण जातं?

तेव्हा ग्रुपवर परत जा, पण लिंक टाकू नकोस. रविवारी काकांकडे जा. काकू पोहे करतील, ते खा. मग विचार, ‘काका, तुमचा पक्ष हरला तर तुमचं काय जाईल?’ आणि गप्प बस. पेन्शन निघेल, मुलाची नोकरी निघेल, कट्ट्यावरचे दोस्त निघतील. ते दोस्त सगळ्यात महत्त्वाचे, साठीनंतर नवे मिळत नाहीत. ‘म्हणजे चूक मान्य आहे ना’ असं मात्र तोंडातून काढू नकोस. तुला ते जमणं अवघड आहे, वर्गातही शेवटचा शब्द तुझाच असायचा.

तोच प्रश्न स्वतःलाही विचार. मी विचारला. ज्या नेत्याला मी चाळीस वर्षं मत देत आले, त्याच्याबद्दलची एक बातमी भाच्यानं गेल्या महिन्यात पाठवली. ‘सावकाश वाचते’ म्हटलं. अजून उघडलेली नाही.

तुझी,
शाळेतल्या बाई