पंख्याखाली घेतलेला निर्णय

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात द्राक्षाची कलमं भरतो. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. गेल्या महिन्यात एका सभेत वक्त्यांनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ताला कोणत्या तारखेला स्वीकारलं?" मला तारीख सांगता आली नाही. आमचे पाळकसाहेब म्हणतात, विश्वास हे देवाचं दान, त्यात आपलं काही नाही. कलमाची काडी तरी काय करते? बांधतो तर मी. पण मग हे दान माझ्या थोरल्या भावाला का मिळालं नाही? तो नाताळलाही चर्चमध्ये येत नाही.
— एक वाचक

उत्तर : सलाम. तारखेचं आधी सांगते, कारण माझ्याकडे तारीख आहे. मे 1974, मिरज, उन्हाळी सभेचा मांडव. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. वक्ते म्हणाले, ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी पुढं या. माझ्या खोलीतली मैत्रीण रडतरडत उठली, तिच्यामागून मी. खरं सांगू? पुढं पंखा होता. तिथं आम्हाला गुलाबी कार्डं मिळाली, त्यावर सह्या केल्या. नंतर चाळीस वर्षं मी साक्ष देताना ही तारीख ठणकावून सांगत आले, पंखा तेवढा गाळून. मैत्रीण दोन-तीन वर्षांत उपासनेला यायची बंद झाली. मी टिकले. यात माझं कर्तृत्व किती, हे मला अजून धड सांगता येत नाही.

तुमचं भांडण जुनं आहे. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडं वळू शकतो, ही पेलागियस या धर्मशिक्षकाची शिकवण कार्थेजच्या चर्च-परिषदेनं 418 सालीच फेटाळली. पुढं 1618-19 मध्ये हॉलंडात डॉर्टच्या धर्मसभेत कॅल्विन आणि आर्मिनियस या दोन धर्मपंडितांचे अनुयायी समोरासमोर आले. गंमत अशी, की पहिलं पाऊल कृपेचं, हे दोघांनाही मान्य होतं. ती कृपा माणसाला झिडकारता येते का, यावर वाद : कॅल्विनपंथी म्हणत, नाही; आर्मिनियसचे म्हणत, येते. आपल्याकडं हे दोन्ही प्रवाह आले. 1894 साली मिरजेत हॉस्पिटल काढणारे डॉ. वानलेस प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे कॅल्विनच्या घरातले. आणि त्याच मिरजेत आमच्या मांडवात 'निर्णय घ्या' म्हणून गुलाबी कार्डं वाटली गेली.

आता बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. बाराव्या ओवीत पौल म्हणतो, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या. तेरावी सांगते, तुमच्यात इच्छा आणि कृती घडवून आणणारा देव आहे. या दोन ओव्या जोडणारा शब्द बघा. मी कित्येक वर्षं तिथं मनातल्या मनात 'पण' वाचत होते. तिथं 'कारण' आहे. देव करतोय म्हणून तुम्ही करा. पौलाला त्यात काही अडचण वाटलेली दिसत नाही, अडचण आपली.

तुमच्या काडीचंही तसंच. काडी काही करत नाही, असं तुम्ही लिहिलंत. डॉगरिजच्या मुळाकडच्या खुंटावर थॉम्पसन जातीच्या द्राक्षाची काडी भरता, मुळं आणि रस खुंटाचा. पण डोळा फुटतो तो काडीचा, आणि घड थॉम्पसनचेच लागतात ना? काडी आपणहून खुंटावर चढली नाही, हे खरं. म्हणून ती मेलेली होती असंही नाही. तेव्हा तारीख नाही म्हणून झोप उडवून घेऊ नका. कलम कधी भरलं ते काडीला कुठं माहीत असतं!

भावाच्या बाबतीत मात्र ही उपमा सोडून देते, कारण भाऊ म्हणजे काडी नव्हे. डॉर्टकडं उत्तर होतं : काहींना देवानं निवडलं, बाकीच्यांना तसंच राहू दिलं. मला ते कधी पचलं नाही. मरणाच्या दारातल्या पेशंटजवळ उभी राहून तर ते मी उच्चारूही शकले नसते. भावानंच देवाला नाकारलं, हे दुसरं उत्तर. तेही तुम्ही भावाला ऐकवू नका. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप एका दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. मुलगा आजारी, आणि येशूपुढं रडतोय बाप. भावासाठी तुम्ही एवढं करू शकता.

ती मैत्रीण आता सांगलीत असते. परवा फोनवर इकडचंतिकडचं बोलणं झालं आणि मध्येच तिनं विचारलं, "ते गुलाबी कार्ड आहे का गं तुझ्याकडं?" आहे म्हटलं, बायबलात.

"माझंही आहे," म्हणाली.