ब्रिटनमधली आणि अमेरिकेतली मुलांची क्वायर: आवाज वेगळा का लागतो?

तुमचा प्रश्न असा आहे की इंग्लंडमधली क्वायरची (गायकवृंदाची) मुलं इतक्या स्वच्छ, न थरथरणाऱ्या आवाजात गातात, मग अमेरिकन मुलं तशी का गात नाहीत? त्यांना शिकवणारे कमी पडतात का?

मला तसं वाटत नाही. मी आधी लंडनला होतो, आता न्यू जर्सीत राहतो आणि मुलगा इथल्या एका बॉयक्वायरमध्ये गातो. फरक शिकवण्यापेक्षा कामात आहे. इंग्लंडमधल्या कॅथीड्रलचा (बिशपच्या मुख्य चर्चचा) मुलगा रोजच्या उपासनेसाठी गातो, तर अमेरिकन मुलगा बहुतेक वेळा कार्यक्रमासाठी. आवाजाच्या लगावापासून ते आवाज फुटल्यावर मुलाचं पुढे काय होतं इथपर्यंत पुष्कळ काही त्यातून ठरतं.

केंब्रिजचं किंग्ज कॉलेज घ्या. सहाव्या हेन्रीने ते १४४१ मध्ये काढलं आणि त्याच्या नियमांत गाणाऱ्या १६ मुलांची तरतूद करून ठेवली. आजही तिथे १६ मुलंच गातात. सकाळी शाळा सुरू व्हायच्या आधी तालीम, संध्याकाळी पुन्हा तालीम, मग इव्हनसाँग म्हणजे सायंप्रार्थना. शाळेच्या सत्रात आठवड्यातले बहुतेक दिवस असेच जातात. दर प्रार्थनेला बायबलमधली स्तोत्रं (साम्स) वेगळी, अँथम म्हणजे क्वायरचं प्रार्थनागीत वेगळं. पाठ करायला वेळच नसतो, त्यामुळे दहा वर्षांचं पोर समोरचं नोटेशन पाहून सरळ गाऊ लागतं.

स्तोत्रांचा प्रकार तर बघण्यासारखा आहे. इंग्लंडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिली आहेत. १५ तारखेच्या संध्याकाळी ७८वं स्तोत्र येतं, त्याची वचनं ७३! चाल छोटीशी, पुन्हा पुन्हा तीच. पण प्रत्येक वचनाची लांबी निराळी, त्यामुळे कुठल्या अक्षरावर सूर बदलायचा हे सगळ्यांना एकाच क्षणी कळावं लागतं. हरिपाठ रोज एकत्र म्हणणाऱ्यांना शेजारच्याचा श्वास कळतो ना, तसंच हे. आठवड्यातून एका तालमीत हे येणं शक्य नाही. इंग्लिश क्वायरची खरी ताकद मला एकट्या मुलाच्या सोलोपेक्षा इथे दिसते.

अर्थात सोलोचा थाटही आहेच. किंग्जमध्ये १९१८ पासून नाताळच्या आदल्या दिवशी बायबलमधली नऊ वाचनं आणि कॅरोल्स (नाताळची गीतं) असा सोहळा होतो आणि १९२८ पासून बीबीसी तो ऐकवते (फक्त १९३० साली खंड पडला). सुरुवातीचं कडवं एकटा मुलगा गातो, साथीला ऑर्गनही नसतो. दोन-चार मुलं तयार ठेवतात. नक्की कोण गाणार हे प्रक्षेपण सुरू होता होता क्वायरचा संचालक खुणेने सांगतो. रात्रभर धास्तीने जागायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून ही युक्ती.

आता त्या 'शुद्ध' आवाजाबद्दल. उंच दगडी इमारतीत सूर बराच वेळ घुमतो. तिथे आवाजाला कंप दिला की सगळं एकमेकांत कालवलं जातं. म्हणून सरळ सूर आणि छातीपेक्षा डोक्यातला हलका आवाज. शिवाय रेकॉर्डनेही कान घडवले. लंडनच्या टेंपल चर्चमधल्या अर्नेस्ट लॉफ या मुलाने १९२७ मध्ये मेंडेल्सोनच्या एका प्रार्थनागीतातला सोलो गायला. ती तबकडी इतकी खपली की मूळ साचा झिजला आणि पुढच्या वर्षी पुन्हा ध्वनिमुद्रण करावं लागलं. मात्र सगळं ब्रिटन एकाच आवाजात गात होतं असं समजू नका. वेस्टमिन्स्टरच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये जॉर्ज माल्कम यांनी १९४७ ते १९५९ या काळात मुलांकडून मुद्दाम भरदार, धारदार आवाज काढून घेतला. संगीतकार बेंजामिन ब्रिटनला तो इतका आवडला की त्याने १९५९ मध्ये त्या मुलांसाठी 'मिसा ब्रेव्हिस' हे छोटं उपासनासंगीत लिहिलं.

अमेरिकेत ना सरकारी चर्च, ना शतकानुशतकांच्या देणग्या. बहुतेक क्वायर पालकांच्या फीवर, देणगीदारांवर आणि तिकिटांवर चालतात. आठवड्यातून एक-दोन तालमी, मग मोजके कार्यक्रम आणि दौरा. गाणी पाठ असतात, हातात कागद नसतो, मुलं प्रेक्षकांकडे बघून गातात. स्पिरिच्युअल्स (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भक्तिगीतं), लोकगीतं, ब्रॉडवेची नाट्यगीतं, मध्येच बाख. सभागृहात फारसा घुमारा नसतो, म्हणून आवाजही जास्त उबदार आणि पुढे फेकलेला. खालची ऑल्टोची पट्टीही मुलंच गातात. इंग्लिश कॅथीड्रलमध्ये ती परंपरेने मोठी माणसं फॉल्सेटोत, म्हणजे मुद्दाम काढलेल्या उंच आवाजात गातात, आणि एकूण रंग बदलण्याचं हेही मोठं कारण आहे.

या पद्धतीचा धोका म्हणजे पैसा आटला की संस्था जाते. १९३७ मध्ये ओहायोतल्या कोलंबसला सुरू झालेली बॉयक्वायरची शाळा १९५० मध्ये प्रिन्स्टनला आली, अमेरिकन बॉयक्वायर म्हणून नावारूपाला आली आणि २०१७ मध्ये बंद पडली. संगीतकार मेनोत्तीने १९५१ मध्ये टीव्हीसाठी लिहिलेल्या ऑपेरात अमाल या मुलाची भूमिका पहिल्यांदा करणारा चेट ॲलन याच क्वायरचा. १९६८ मध्ये उभं राहिलेलं हार्लेमचं बॉयज क्वायरही २००७ मध्ये संपलं.

पण एका बाबतीत मी अमेरिकेच्या बाजूने आहे. इंग्लंडमध्ये आवाज फुटला की मुलगा सहसा क्वायरमधून बाहेर, भेटायचं ते पुढे टेनर-बास, म्हणजे पुरुषी आवाजाचा गायक झाल्यावर. इथे अमेरिकेत संगीतशिक्षक जॉन कुक्सी यांनी १९७०च्या दशकात या बदलाचे टप्पे मांडले. त्याआधी फ्लोरिडात अर्विन कूपर यांनी अशा मुलांच्या मर्यादित पट्टीला झेपेल असं संगीत बसवून दाखवलं होतं. माझा मुलगा सध्या त्याच अवस्थेत आहे. वरचे सूर गेले, खालचे अजून आले नाहीत. त्याच्या मास्तरांनी मधल्या पाच-सहा सुरांतली वेगळी ओळ पेन्सिलने लिहून दिली आहे, आणि तो मागच्या रांगेत उभा राहून गातोय.

शिकवणं कमी पडत नाही याचा पुरावा हवा असेल तर न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचं सेंट थॉमस चर्च बघा. यॉर्क मिन्स्टरहून आलेल्या टर्शियस नोबल यांच्या काळात, १९१९ मध्ये, तिथे क्वायरची निवासी शाळा निघाली. २००४ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्समधून जॉन स्कॉट तिथे आले. त्यांच्यानंतरचे डॅनियल हाइड २०१९ मध्ये थेट किंग्जला गेले. मुलं अमेरिकन, दिनक्रम मात्र इंग्लिश कॅथीड्रलचा. डोळे मिटून ऐकलंत तर देश ओळखणं अवघड जाईल.

आणि हो, हे सगळं आता फक्त मुलग्यांचं राहिलेलं नाही. सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचं स्वतंत्र क्वायर सुरू केलं, मग इतरांनीही केलं. मला त्यांच्या आवाजात काही उणं जाणवत नाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर बर्नस्टाइनच्या 'चिचेस्टर साम्स'चा दुसरा भाग घ्या. अमेरिकन संगीतकाराने इंग्लिश कॅथीड्रलसाठी १९६५ मध्ये लिहिलेलं, हिब्रूतलं २३वं स्तोत्र, ट्रेबल म्हणजे मुलाच्या उंच आवाजातल्या सोलोसह. एक इंग्लिश आणि एक अमेरिकन ध्वनिमुद्रण लागोपाठ लावा. नंतर बीबीसी रेडिओ ३ वरचं दर आठवड्याचं इव्हनसाँग. ते १९२६ पासून चालू आहे.