शंका-समाधान : टेस्टर पास, पण नेट रखडते

प्रश्न : दहावी झाली. आयटीआयमधला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) करावा की पॉलिटेक्निकचा डिप्लोमा?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : कोपा एका वर्षाचा, डिप्लोमा तीन वर्षांचा. लवकर हाताला काम हवे असेल तर कोपा. त्यात ऑफिसची सॉफ्टवेअर, डेटाबेस, थोडे प्रोग्रॅमिंग आणि नेटवर्किंगची तोंडओळख होते. पुढे इंजिनिअर व्हायचा विचार असेल, तर डिप्लोमाच घ्या, कारण त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मयेचे सरकारी पॉलिटेक्निक तुमच्याच तालुक्यात आहे. राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न : हार्डवेअर-नेटवर्किंगच्या कोर्सला आहे. स्वतः क्रिम्प केलेल्या (टोकांना कनेक्टर दाबून बसवलेल्या) नेटवर्क केबलवर टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, तरी नेट मध्येच तुटते.
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : केबलमधल्या आठ तारा दोन-दोन पिळून चार जोड्या केलेल्या असतात. बहुधा तुम्ही या जोड्या शेजारी-शेजारी लावल्या आहेत : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दिसायला नीटनेटके, पण चूक. दोन्ही टोकांना तोच क्रम असला की साधा टेस्टर 'पास' म्हणणारच. तार कुठून कुठे पोचते एवढेच त्याला कळते, कोणती तार कोणाशी पिळलेली आहे हे नाही. कनेक्टरच्या आठ पिनांपैकी ३ आणि ६ मिळून एक जोडी होते. तुमच्या केबलमध्ये त्यांतली एक तार हिरव्या जोडीतली, दुसरी निळीतली. पीळ जुळत नाही, एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो आणि केबल लांब असेल तितका त्रास वाढतो.

कनेक्टरची खिट्टी पलीकडे, पिना आपल्याकडे आणि केबल खालून आत, असा धरला की डावीकडून क्रम हा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वरचे आवरण तीनेक सेंटिमीटर सोला, तारा सरळ करा आणि सव्वा सेंटिमीटर ठेवून एका रेषेत कापा. जास्त ठेवलेत तर आवरण कनेक्टरच्या दाबपट्टीखाली येत नाही; मग ओढ बसते ती थेट तारांवर. क्रिम्प करण्याआधी समोरून पाहा : आठही तारांची टोके शेवटपर्यंत टेकलेली दिसली पाहिजेत.

आणखी एक तपासा. दोन्हीकडची पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) असूनही लिंक स्पीड १०० एमबीपीएसच दिसत असेल, तर बहुधा ४, ५, ७, ८ यांतली एखादी तार नीट बसलेली नाही. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेले कनेक्टर पावसाळ्यात उघडे टाकू नका, दमट हवेत स्वस्तातल्या पिना काळवंडतात.

प्रश्न : लॅबमधल्या एकाच संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) येतो. का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आले नाही, म्हणून विंडोजने स्वतःच पत्ता घेतला. बाकीचे संगणक चालतात, तेव्हा राउटरला हात लावू नका. आधी याची केबल आणि स्विचवरचे पोर्ट बदलून पाहा, मग विंडोजच्या 'आयपीकॉन्फिग' या कमांडने पत्ता सोडून नव्याने मागा.