पैशाचं बोला : कंपनीचा तोटा खरा की कागदावरचा?

या महिन्यात पत्रं बरीच आली, आणि गंमत म्हणजे त्यातली चार एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली : व्याजदर वरखाली झाला की कंपन्या, बँका, फंडवाले आपल्याकडच्या कागदांची किंमत कशी धरतात आणि त्यातून वाचायला काय करतात. म्हणून पीएफ आणि वारस नोंदणीवाल्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : सर, माझ्याकडे एका कंपनीचे थोडे शेअर्स आहेत. वार्षिक अहवालात नफा चांगला दिसतोय, पण खाली ‘अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम’ नावाच्या भागात स्वॅपवर २ कोटी ६७ लाखांचा तोटा टाकलाय. टिपणीत लिहिलंय की १०० कोटींचं फ्लोटिंग (बाजाराप्रमाणे व्याज बदलणारं) कर्ज आहे, स्वॅप करून दर ७ टक्क्यांवर फिक्स केलाय आणि ३ वर्षं शिल्लक आहेत. कंपनी सट्टा खेळते का? आणि तोटा आहे तर तो नफ्यातून वजा का केला नाही? – एक भागधारक, सांगली

उत्तर : ताई, अहवालाच्या टिपणीपर्यंत पोचलात याचंच कौतुक, बहुतेक लोक अध्यक्षांचा फोटो बघून अहवाल रद्दीत टाकतात.

आधी हा आकडा आला कुठून ते बघू. स्वॅप म्हणजे कंपनी समोरच्या बँकेला ठरलेले ७ टक्के देणार आणि बँक कंपनीला बाजारात त्या वेळी जो फ्लोटिंग दर असेल तो देणार, मुद्दल कोणीच कोणाला देत नाही, ते १०० कोटी फक्त हिशोबापुरते, त्यालाच नोशनल म्हणतात. आता समजा वर्षअखेरीला बाजारात तसाच ३ वर्षांचा नवा स्वॅप ६ टक्क्यांना मिळतोय. म्हणजे तुमची कंपनी बाजारापेक्षा दरवर्षी १ टक्का, म्हणजे १ कोटी जास्त देणार, तीन वर्षं. पण पुढच्या वर्षीचा कोटी आजचा कोटी नसतो, म्हणून ६ टक्क्यांनी मागे आणायचा : पहिल्या वर्षाचे ९४.३ लाख, दुसऱ्याचे ८९ लाख, तिसऱ्याचे ८४ लाख. बेरीज २ कोटी ६७ लाख. झालं, एवढंच आहे ते, खऱ्या हिशोबात तिमाहीचे हप्ते आणि प्रत्येक तारखेचा वेगळा दर धरतात पण गाभा हाच.

आता दुसरी बाजू बघा, जी त्या ओळीत दिसत नाही. दर उतरल्यामुळे कंपनीचं १०० कोटींचं कर्ज पण स्वस्त झालंय. स्वॅपवर १ टक्का जास्त जातोय आणि कर्जावर तेवढाच वाचतोय, दोन्ही मिळून कंपनीला पडतात ते ७ टक्के अधिक बँकेचं मार्जिन, दर चढो नाहीतर पडो. हेच तर तिला हवं होतं. दर ९ झाला असता तर याच ओळीत नफा दिसला असता आणि तुम्ही पत्रही पाठवलं नसतं! हेजिंगचा, म्हणजे धोका झाकायला केलेल्या व्यवहाराचा, एकच पाय बघून तोटा-नफा ठरवणं चुकीचं, आणि हे आपल्याकडे संचालक मंडळं सुद्धा सर्रास करतात, स्वॅपवर ‘तोटा’ झाला की ट्रेझरीच्या माणसाला फैलावर घेतात, मग तो पुढच्या वेळी हेज करायच्या भानगडीतच पडत नाही.

नफ्यातून वजा का नाही, तर ते इंड-एएस १०९ या लेखा मानकामुळे. फ्लोटिंग कर्ज फिक्स करणारा स्वॅप असेल तर त्याला कॅश फ्लो हेज धरतात, त्याच्या किमतीतला चढउतार आधी, तुम्ही पाहिलेल्या ‘अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम’मधून, एका राखीव खात्यात ठेवतात आणि जसजसं व्याज भरलं जाईल तसतसा थोडा थोडा नफा-तोटा पत्रकात व्याजखर्च म्हणून आणतात. स्वॅप मुदत संपेपर्यंत ठेवला तर ते २ कोटी ६७ लाख हळूहळू विरत शेवटी शून्यावर येतात. उलटं असेल, म्हणजे फिक्स्ड कर्ज फ्लोटिंग करून घेतलं असेल, तर ते फेअर व्हॅल्यू हेज, तिथे स्वॅप आणि कर्ज दोघांच्या किमतीतला फरक एकदमच नफ्यात जातो आणि एकमेकांना खातो. ही सवलत फुकट मिळत नाही. कुठल्या कर्जासाठी कुठला स्वॅप, धोका कोणता, परिणामकारकता कशी मोजणार, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवावं लागतं. नंतर मार्चमध्ये ऑडिटर आल्यावर मागच्या तारखेने कागद करायचे असं चालत नाही. कागद नसेल तर सगळा चढउतार सरळ नफ्यात. आधीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ८० ते १२५ टक्क्यांची पट्टी होती, हेज त्या पट्टीत बसलं तरच मान्य, ती आता गेली, आता कर्ज आणि हेज यांचं आर्थिक नातं खरोखर आहे का ते बघतात.

सट्टा आहे का हे ओळखायचं तर तीन गोष्टी जुळवून बघा. नोशनल कर्जापेक्षा मोठं आहे का, मुदत कर्जाच्या पुढे जाते का, आणि टिपणीत ‘हेज म्हणून न धरलेले डेरिव्हेटिव्ह’ अशी ओळ फुगलेली आहे का. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं उदाहरण यात जुनं पण अजून लागू पडणारं आहे. साबण-डायपर विकणारी कंपनी, तिने नोव्हेंबर १९९३ मध्ये बँकर्स ट्रस्ट या बँकेबरोबर २० कोटी डॉलर नोशनलचा एक स्वॅप केला, हिशोब असा की व्याज कमर्शियल पेपरच्या (कंपन्या थोड्या मुदतीसाठी उचलतात त्या कर्जाच्या) दरापेक्षा पाऊण टक्का स्वस्त पडेल. स्वस्त कशामुळे? तर त्यात एक सूत्र घुसवलेलं होतं, अमेरिकेत दर चढले की कंपनीची देणी कित्येक पटीने वाढणार. फेब्रुवारी १९९४ मध्ये फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, दर वाढवायला सुरुवात केली आणि एप्रिलमध्ये कंपनीने करपूर्व १५ कोटी ७० लाख डॉलरचा फटका जाहीर केला. नाव स्वॅपच होतं, पण त्यातून धोका कमी होण्याऐवजी नवीनच विकत घेतला गेला. तुमच्या कंपनीचं तसं काही दिसत नाही, १०० कोटींवर १०० कोटी, साधा सरळ व्यवहार.

प्रश्न : माझ्या डेट फंडात बँकांचे पर्पेच्युअल बाँड आहेत. ते रोज काही विकले जात नाहीत, मग एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) रोज कुठून आणतात? अंदाजपंचे? – ठाण्याहून एक गुंतवणूकदार

उत्तर : अंदाज असतो, पंचे नसतो. किमतीच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. लेव्हल १ म्हणजे बाजारात खरोखर दिसणारा भाव, जसा शेअरचा. लेव्हल २ म्हणजे आपला फ्लॅट विकला गेला नाही पण त्याच सोसायटीतला शेजारचा गेला, त्यावरून आपला ठरवायचा; वरच्या उत्तरातला स्वॅप याच पायरीवर. लेव्हल ३ ला शेजारही नाही, मॉडेल आणि त्यात घातलेली गृहीतकं. फंडांना बहुतेक बाँडचे भाव क्रिसिल आणि इक्रा या संस्थांकडून रोज येतात.

पर्पेच्युअलची गोष्ट मजेशीर आहे. या बाँडला परतफेडीची तारीखच नसते, बँकेला वाटलं तर साधारण ५ वर्षांनी कॉल करून पैसे परत, आणि बाजार ती कॉलची तारीखच शेवट धरून भाव लावायचा. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे असे ८ हजार कोटींहून जास्त किमतीचे बाँड शून्य केले गेले तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. मार्च २०२१ मध्ये सेबीने सांगितलं, हे १०० वर्षांचे बाँड समजून किंमत लावा. मुदत जितकी लांब तितकी किंमत दराला जास्त हलते, त्यामुळे बाजारात खळबळ, अर्थ मंत्रालयानेही परिपत्रक मागे घ्या म्हणून कळवलं, मग सेबीने ते टप्प्याटप्प्याने केलं, आधी १० वर्षं, मग २०, ३०, आणि एप्रिल २०२३ पासून १००. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये परत गाडी कॉलच्या तारखेवर आणली, कारण बाजारातले लोक प्रत्यक्षात तसाच भाव करतात आणि फेअर व्हॅल्यू म्हणजे बाजारातल्या माणसाच्या नजरेतली किंमत. बाँड तोच, बँक तीच, मोजायची पट्टी मात्र पुन्हा पुन्हा बदलली. तुमच्या फंडात असे बाँड किती टक्के आहेत ते महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये बघा, मी स्वतः निवृत्तीच्या पैशात ते ठेवत नाही.

प्रश्न : मी एका नागरी सहकारी बँकेत संचालक आहे. आमच्याकडे ७ टक्क्यांचे सरकारी रोखे आहेत. दर चढले की त्यांचा बाजारभाव पडतो, पण ऑडिटर म्हणतात एचटीएममध्ये आहेत, तोटा दाखवायची गरज नाही. सभेत सभासद म्हणाले ही लपवाछपवी आहे. काय सांगू त्यांना? – सोलापूर

उत्तर : ऑडिटर बरोबर आहेत, आणि सभासद पण अगदीच चुकीचे नाहीत.

एचटीएम म्हणजे मुदतीपर्यंत ठेवणार असं ठरवून घेतलेले रोखे, ते खरेदी किमतीला दाखवतात, जास्त देऊन घेतले असतील तर ती जास्तीची रक्कम उरलेल्या वर्षांत थोडी थोडी खर्ची टाकतात. विक्रीसाठी ठेवलेले जे आहेत त्यांना मात्र बाजारभाव लावावाच लागतो, तो भाव एफबीआयएल ही संस्था रोज जाहीर करते. १० वर्षांचा ७ टक्क्यांचा रोखा, बाजारात यील्ड (आजच्या भावाला घेतला तर मिळणारा परतावा) ८ झालं तर १०० चा भाव ९३ रुपये २० पैशांवर येतो. त्याच कूपनचा, म्हणजे ७ टक्के व्याजाचाच, १ वर्ष उरलेला रोखा ९९ च्या वर राहतो. म्हणजे सभासदांनी ‘भाव किती पडला’ याच्या जोडीला ‘मुदत किती लांब’ हे पण विचारायला हवं.

सरकार पैसे बुडवणार नाही, १० वर्षांनी १०० चे १०० मिळतील, हे खरंय. पण तोपर्यंत तुम्ही ७ कमावताय आणि ठेवीदार ८ मागायला लागलाय, तर तो तोटा दरवर्षी व्याजातून जातोच, फक्त ‘तोटा’ नावाने दिसत नाही. आणि मुदतीपर्यंत ठेवणं हे तुमच्या इच्छेवर चालत नाही, ठेवीदारांनी पैसे ठेवले तर चालतं.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं नेमकं हेच झालं. ठेवी धडाधड आल्या तेव्हा दर जवळपास शून्य, बरेचसे पैसे लांब मुदतीच्या रोख्यांत. मार्च २०२२ पासून फेडने दर वर नेले. २०२२ अखेर एचटीएममधला न दाखवलेला तोटा सुमारे १५ अब्ज डॉलर होता, बँकेचं भांडवलच जेमतेम १६ अब्ज. आणि दर वाढत असताना यांनी हातातले हेज काढून टाकले होते! ८ मार्च २०२३ ला त्यांनी सांगितलं की २१ अब्जांचे विक्रीसाठीचे रोखे विकले, १.८ अब्ज तोटा झाला. ९ तारखेला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला लावले, १० ला बँक बंद. त्या १५ अब्जांत लपवलेलं काही नव्हतं बरं का, अहवालाच्या टिपणीत आकडा छापलेला होता.

आपल्याकडे व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे गुंतवणूक नियम १ एप्रिल २०२४ पासून आले, एचटीएममधून वर्षाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त विकायचं तर आधी परवानगी. तुमच्यासारख्या नागरी बँकेला वेगळे नियम, पण सभासदांना उत्तर द्यायचं तर सभेत एकच तक्ता ठेवा : एचटीएमची खरेदी किंमत, आजची बाजार किंमत, सरासरी उरलेली मुदत आणि शेजारी ठेवींची मुदत. ‘गरज नाही’ म्हणून टाळू नका, दाखवायला कोणी अडवलेलं नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी फौंड्री आहे. १२ कोटींचं टर्म लोन, रेपोला लिंक, ५ वर्षं राहिलीत. २०२२ मध्ये दर वाढत गेले तेव्हा घाम फुटला. आता बँक म्हणते स्वॅप करून दर फिक्स करा. करावं का? – कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी घामाचा हिशोब करू. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० झाला. अडीच टक्के, १२ कोटींवर वर्षाला ३० लाख. तेवढा धक्का परत बसला तर धंदा हलतो का, की फक्त नफा कमी होतो? नफाच कमी होणार असेल तर स्वॅपच्या वाटेला जाऊ नका. पगार आणि हप्ता अडकणार असेल तर विचार करा, आणि तोही सगळ्या कर्जाचा नाही, निम्म्याचा. २०२५ मध्ये फेब्रुवारीपासून रेपो उतरत जूनला ५.५० वर आला, त्याआधी सगळंच कर्ज फिक्स केलेल्यांना त्या कपातीचा काहीच फायदा झाला नाही.

करायचंच ठरलं तर जिथे गाडी अडते ते नीट ऐका. आपल्याकडचा रुपयातला नेहमीचा स्वॅप ओआयएस, तो मायबोरवर चालतो, म्हणजे बँका आपसात एका रात्रीसाठी ज्या दराने पैसे देतात तो. तुमचं कर्ज रेपोवर. एरवी दोन्ही जवळजवळ चालतात. पण २०२०-२१ मध्ये बँकांकडे पैसा इतका साचला होता की रेपो ४ असताना रात्रीचा दर ३.३५ च्या रिव्हर्स रेपोकडे (रिझर्व्ह बँक बँकांचे जादा पैसे ठेवून घेते त्या दराकडे) ओढला गेला. म्हणजे तुम्ही बँकेला कर्जावर ४ च्या हिशोबाने भरणार आणि स्वॅपमधून तुम्हाला जवळपास अर्धा टक्का कमी मिळणार. याला बेसिस रिस्क म्हणतात आणि विकणारा ते सहसा स्वतःहून सांगत नाही.

अजून एक, टर्म लोनचं मुद्दल दर महिन्याला उतरतं, तर स्वॅपचं नोशनलही त्याच तक्त्याने उतरलं पाहिजे, नाहीतर शेवटी कर्ज २ कोटी आणि स्वॅप १२ कोटींचा, म्हणजे १० कोटींचा सट्टा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तुमच्यासारख्या छोट्या ग्राहकाला हे फक्त हेजिंगसाठीच घेता येतं, त्यामुळे कर्जाचा तक्ता जोडूनच स्वॅप घ्या. स्वॅपसाठी बँक वेगळी लिमिट बांधते, ती तुमच्या कॅश क्रेडिटमधून कापणार का ते सँक्शन लेटरमध्ये लेखी घ्या. त्या दिवशीचा ५ वर्षांचा ओआयएस दर स्क्रीनवर किती आणि तुम्हाला किती लावला, हा फरक म्हणजे त्यांचं मार्जिन, विचारायला लाजू नका. कॅप पण मिळतो का बघा, म्हणजे दर ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर वरचा फरक बँक देते; पैसे आधी भरायचे पण दर उतरला तर फायदा तुमच्याकडेच राहतो. आणि एखाद्या वर्षी ऑर्डर चांगल्या आल्या म्हणून कर्ज लवकर फेडायचा विचार असेल तर स्वॅप आपोआप संपत नाही, तो तोडायला त्या दिवसाच्या भावाने हिशोब होतो, सांगलीच्या ताईंच्या २ कोटी ६७ लाखांसारखा, फक्त तो खिशातून खरोखर द्यावा लागतो. सही करायच्या आधी दुसऱ्या बँकेचं कोटेशन मागवा, तुमच्या कर्जाच्या तक्त्यासकट.